दुखणं लपवणारा प्राणी

लामा आजारी पडला तरी तो कळू देत नाही. गाय चारा टाकते, कान पाडते, कण्हते. घोड्याचं पोट दुखलं की तो जमिनीवर लोळतो, पोटाकडे वळून वळून पाहतो. लामा मात्र कळपाबरोबर चालत राहतो, बाकीचे बसले की बसतो, पुढ्यात चारा आला की तोंडही हलवतो. पोट खपाटीला गेलं असलं तरी वरची दाट लोकर ते झाकून ठेवते. मग एका सकाळी तो बसल्या जागेवरून उठत नाही, आणि पशुवैद्य येऊन पोचेपर्यंत आजार हाताबाहेर गेलेला असतो.

अँडीज पर्वतातल्या उघड्या माळरानावर हे लपवणं त्याच्या रानटी पूर्वजांना जगवत आलं. तिथला प्यूमा कळपातलं मागे पडणारं, लंगडणारं जनावर आधी हेरतो. दुखणं दाखवणारं जनावर पिल्लं मागे ठेवण्याआधीच मारलं गेलं; न दाखवणाऱ्याचा वंश वाढला. माणसाने या प्राण्याला जवळ केलं तेव्हा ही सवयही त्याच्याबरोबर आली. लामाच्या आरोग्याचा विषय त्यामुळे औषधांच्या यादीपासून सुरू होत नाही. रोज कळपाजवळ असणाऱ्या माणसाला काय दिसतं आणि हाताला काय लागतं, तिथून तो सुरू होतो.

हाताने पाहायची पहिली जागा म्हणजे पाठ. शेवटच्या बरगडीच्या मागे, लोकरीत बोटं खुपसून, कण्याच्या दोन्ही बाजूंना तळवा टेकवायचा. कण्यापासून मांस सरळ उताराने खाली गेलेलं लागलं तर तब्येत ठीक आहे. हाताला खोलगटपणा लागला तर जनावर खंगत चाललंय, फुगवटा लागला तर ते लठ्ठ झालंय. पशुवैद्य याला एक ते पाच असे गुण देतात. तीन गुण उत्तम. काही पाळणारे दर महिन्याला वजनही करतात. पूर्ण वाढलेला लामा साधारण 130 ते 200 किलोंचा असतो, आणि नुसत्या नजरेला त्यातले पंधरा-वीस किलो कमी झालेले मुळीच कळत नाहीत.

दुसरी जागा उकिरड्याची. लामांचा अख्खा कळप ठरलेल्या एका-दोन ठिकाणी जाऊन लेंड्या टाकतो आणि लघवीही तिथेच करतो. या सवयीमुळे चरायचं गवत बरंच स्वच्छ राहतं आणि जंतांचा फैलाव आटोक्यात राहतो. शिवाय पाळणाऱ्याला तपासणीसाठी आयती जागा मिळते: लेंड्या घट्ट गोळीच्या आहेत की सैल, कोण किती वेळ उभा राहतो, कोण आलाच नाही. एखादा नर तिथे बराच वेळ कुंथत उभा दिसला की पुष्कळांना वाटतं, त्याला बद्धकोष्ठ झालंय. खरं कारण अनेकदा मूत्रमार्गात अडकलेला खडा असतं, आणि तेव्हा काही तासांचा उशीरही जिवावर बेततो.

या उकिरड्याला इतिहासही आहे. पेरूत कुस्को शहराच्या वायव्येला मार्काकोचा नावाचं एक जुनं, गाळाने भरलेलं तळं आहे. त्याच्या गाळात अॅलेक्स चेपस्टो-लस्टी या संशोधकाला लामांच्या शेणावर जगणाऱ्या सूक्ष्म माइटांचे अवशेष आणि मक्याचे परागकण सापडले. त्यांवरून त्याने असं मांडलं, की सुमारे 2700 वर्षांपूर्वी इतक्या उंचीवर मक्याची शेती शक्य झाली ती लामाच्या खतामुळे. इंका साम्राज्य ज्या धान्यावर उभं राहिलं, त्याच्या मुळाशी ही एका जागी साठणारी लेंडी होती.

लामाला समजून घ्यायचं तर त्याचं गोत्र ठाऊक हवं. उंटांचं घराणं चार कोटींहून जास्त वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत उदयाला आलं. त्यातली एक शाखा आशियात उतरली आणि तिचे उंट झाले. दुसरी सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत गेली. मूळ घरातले, उत्तर अमेरिकेतले, गेल्या हिमयुगाच्या अखेरीस नष्ट झाले. दक्षिणेत ग्वानाको आणि विकुन्या या दोन रानटी जाती राहिल्या. सहा ते सात हजार वर्षांपूर्वी पेरूच्या उंच पठारावरच्या लोकांनी ग्वानाको माणसाळवून लामा घडवला. त्याचा पाळीव भाऊबंद अल्पाका विकुन्यापासून आला, हे संशोधक जेन व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली डीएनएच्या आधारे दाखवलं. मेंढ्यांचे कळप आणि उंट घेऊन विदर्भातून फिरणारे कच्छी रबारी ज्यांनी पाहिले असतील, त्यांनी लामाचा चुलतभाऊ पाहिलेला आहे. नातं इतकं जवळचं, की उंट आणि लामा दोघांचीही गुणसूत्रं 74 आहेत. 1998 साली दुबईत कृत्रिम रेतनाने उंटाचा नर आणि ग्वानाकोची मादी यांचं संकरित पिल्लू जन्मालाही आलं.

लामाचं शरीर वेगळ्या घडणीचं आहे, हे पशुवैद्यकाला उशिरा पटलं. दक्षिण अमेरिकेबाहेर बराच काळ लामाला मोठी मेंढी धरून उपचार व्हायचे. तो रवंथ करतो हे खरं, पण त्याच्या पोटाला गायी-मेंढ्यांसारखे चार कप्पे नसतात, तीनच असतात. पहिला कप्पा अवाढव्य, आणि आम्ल तयार होतं तिसऱ्याच्या शेवटच्या भागात. अँडीजमधल्या पुना या उंच पठारावरचं इचू गवत वाळल्यावर जवळजवळ लाकडासारखं होतं, तेही हे पोट पचवतं. मात्र तिसऱ्या कप्प्याला जखमा होण्याची खोड आहे. लांबचा प्रवास, कळपापासून ताटातूट, दुसरं एखादं दुखणं, असं काही झालं की तिथे व्रण पडतात. लक्षणं पुसटच असतात: खाणं थोडं कमी, दात खाणं, एका बाजूला जाऊन बसणं. व्रण फुटला की जनावर हातचं जातं. त्यातही अडचण अशी, की घोड्याला तोंडावाटे देतात ते आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल लामाच्या रक्तात पुरेसं पोचतच नाही; औषध टोचूनच द्यावं लागतं. मेंढीचं किंवा घोड्याचं कोष्टक समोर ठेवून लामावर उपचार करणं किती धोक्याचं आहे, हे एवढ्यावरून कळावं.

त्याच्या लाल पेशीही निराळ्या आहेत. इतर सस्तन प्राण्यांमध्ये त्या गोल चकतीसारख्या असतात, उंटाच्या घराण्यात लंबगोल. लामाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरतं, म्हणूनच चार हजार मीटरवरच्या विरळ हवेत तो ओझं घेऊन चालू शकतो. ओझंही बेताचंच, पंचवीस-तीस किलोंचं. जास्त लादलं तर तो खाली बसतो आणि उठत नाही. बोलिव्हियातल्या पोतोसीच्या खाणीतली चांदी स्पॅनिश राजवटीत याच जनावरांच्या पाठीवरून डोंगर उतरली.

नराच्या दातांबद्दल थोडक्यात सांगतो. वयात आलेल्या नराला वर चार आणि खाली दोन असे सहा सुळे येतात, मागे वळलेले आणि धारदार. दुसऱ्या नराचे कान, पाय आणि वृषण फाडायलाच ते असतात. हे सुळे पशुवैद्याकडून हिरडीलगत कापून घ्यावेत. खुरांच्या जागी लामाला दोन नखं आणि खाली मऊ गादी असते. खडकाळ जमिनीवर नखं आपोआप झिजतात, मऊ कुरणात मात्र ती वाढून वाकडी होतात आणि कापावी लागतात.

आता प्रजननाकडे येऊ. लामाच्या शरीरातलं सगळ्यात नवलाचं प्रकरण हेच आहे, आणि पाळणाऱ्याच्या चुकाही इथेच जास्त होतात.

गाय, म्हैस, शेळी ठरावीक दिवसांनी माजावर येते आणि त्या दिवसांत बीज सुटतं. लामाच्या मादीला असा माजच नसतो. तिच्या बीजकोशात बीजपुटिका वाढतात, विरतात, पुन्हा वाढतात, पण बीज सुटतं ते मीलन झालं तरच. मादी राजी असेल तर नरासमोर पाय दुमडून छातीवर बसते. नर तिच्यावर बसूनच जोड लागते, आणि ती वीस-पंचवीस मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ चालते. तेवढा वेळ नर घशातून अखंड घुरघुरत असतो. त्यानंतर साधारण एक ते दोन दिवसांत बीज सुटतं.

हे घडतं कशाने? जोड लागताना होणारं घर्षण, नराचं वजन, त्याचा आवाज, यांचा परिणाम असावा असं बरीच वर्षं समजलं जात होतं. 1985 साली चीनमधल्या संशोधकांनी दोन मदारींच्या उंटावर काम करताना पाहिलं, की वीर्यातला द्रव नुसता मादीच्या शरीरात सोडला तरी बीज सुटतं. पुढे कॅनडातल्या सॅस्कॅचेवान विद्यापीठातले ग्रेग अॅडम्स आणि चिलीचे मार्सेलो रात्तो यांनी हा प्रयोग लामा आणि अल्पाकांवर केला. त्यांनी वीर्यातला द्रव मादीच्या स्नायूत इंजेक्शनने टोचला. नर जवळपासही नव्हता, तरी बीज सुटलं. वीर्यातला कुठला घटक हे करतो, ते 2012 साली उघड झालं: नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे मज्जातंतूंच्या वाढीला चालना देणारं प्रथिन. रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांना 1986 चं नोबेल पारितोषिक ज्या शोधाबद्दल मिळालं, तेच हे प्रथिन. मज्जासंस्थेच्या अभ्यासात सापडलेला रेणू लामाच्या गर्भधारणेची किल्ली निघाला. प्राणिशास्त्रात असे शोध फार थोडे आहेत, आणि यासाठी तरी लामा प्रत्येक शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात असायला हवा.

मादी गाभण राहिली की नाही, हे ओळखायची रीत अँडीजच्या पशुपालकांना प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. दोन-तीन आठवड्यांनी तिला पुन्हा नर दाखवायचा. ती खाली बसली तर गर्भ राहिलेला नाही. तिने कान मागे टाकले, थुंकली, लाथ झाडून पळाली, तर बहुधा राहिला आहे. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन रक्तात चढलेलं असताना मादी नराला जवळ येऊ देत नाही, हे यामागचं कारण. चाचणी चांगली आहे, पण तिच्यावर सगळं सोपवू नये. गर्भ नसताना प्रोजेस्टेरॉन चढलेलं राहू शकतं, आणि एखादी दबलेली, भित्री मादी गाभण असूनही बसते. पहिल्या दोन महिन्यांत गर्भ जिरून जाण्याचं प्रमाणही बरंच आहे. म्हणून महिन्याभराने सोनोग्राफी करावी आणि दोन महिन्यांनी पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी.

मादी बसते म्हणून रोज नर लावत राहायचा, ही नवख्या पाळणाऱ्यांची नेहमीची चूक. लामाचा नर वीर्य थेट गर्भाशयाच्या शिंगांत सोडतो, त्यामुळे दर जोडीला गर्भाशयाचं अस्तर थोडं सोलवटतं. निरोगी मादीत ते भरून येतं. वरचेवर नर लावला तर तिथे संसर्ग होतो आणि चांगली मादी भाकड राहते. कृत्रिम रेतन गायीत जितकं सोपं झालं तितकं लामात झालं नाही, त्याचं कारणही वीर्यातच आहे: ते फार चिकट असतं आणि थेंबाथेंबाने येतं. आणखी एक कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. बीज दोन्ही बाजूंच्या बीजकोशांतून सुटतं, पण गर्भ जवळजवळ नेहमी गर्भाशयाच्या डाव्या शिंगातच वाढतो. उजवीकडचा गर्भसुद्धा डावीकडे सरकतो, नाहीतर जिरून जातो.

नर फार सावकाश वयात येतो, अडीच-तीन वर्षांनी. त्याआधी त्याचं लिंग आवरणाला चिकटलेलंच असतं. खच्चीकरणाची घाई करू नये, असं जाणकार सांगतात त्यामागे हाडांचं कारण आहे. वयात येताना तयार होणारं टेस्टोस्टेरॉन लांब हाडांची वाढ थांबवतं. दीड-दोन वर्षांच्या आत खच्चीकरण केलं तर पाय लांबत राहतात, मागचे गुडघे सरळ होतात आणि वाटी सरकू लागते. तरणा नर त्रास देतो म्हणून सहाव्या महिन्यात खच्ची केला, तर पुढे तो लंगडा होण्याचा धोका असतो.

पैदाशीसाठी ठेवलेल्या नराला अँडीजमध्ये हान्याचू म्हणतात. त्याची लोकर, पाय, दात, स्वभाव पाहून निवड होते, आणि पावसाळ्यात त्याच्या मानाच्या विधीत कानाला रंगीत लोकरीचे गोंडे बांधले जातात. ही निवड एकेकाळी किती पुढे गेली होती, त्याचा पुरावा दक्षिण पेरूतल्या एल याराल इथे मिळाला. सुमारे हजार वर्षांपूर्वी बळी देऊन घरांच्या जमिनीखाली पुरलेले लामा आणि अल्पाका तिथल्या कोरड्या वाळवंटी हवेत लोकरीसकट टिकून राहिले होते. जेन व्हीलर यांनी ती लोकर मोजली तेव्हा ती आजच्या बहुतेक कळपांपेक्षा बारीक आणि एकसारखी निघाली. स्पॅनिश आक्रमणानंतर कळप मारले गेले, मेंढ्यांनी चराईच्या जागा घेतल्या, पशुपालक उंचावरच्या उजाड भागात ढकलले गेले, आणि कित्येक पिढ्यांची निवड विस्कटली. माझ्या मते लामाच्या इतिहासातलं हे सर्वात मोठं नुकसान आहे, आणि त्याची मोजदाद जनावरांच्या संख्येत होत नाही.

गाभणपण साडेअकरा महिन्यांचं. पिल्लू एकच, जुळी क्वचितच जगतात. व्यायची वेळ बहुतेक सकाळी किंवा भर दुपारी येते. पुनावर रात्रीचं तापमान गोठणबिंदूच्या खाली जातं, आणि सूर्य मावळण्यापूर्वी अंग वाळलेलं पिल्लूच जगतं. त्यामुळे संध्याकाळनंतर कळा सुरू झाल्या तर काहीतरी अडलंय असं समजून लगेच लक्ष द्यावं. शेवटच्या महिन्यांत मादी अस्वस्थ होऊन पुन्हा पुन्हा उठबस करू लागली, तर गर्भाशयाला पीळ पडलेला असू शकतो. पोटदुखी म्हणून तिला नुसतं औषध पाजत बसलं तर आई आणि पिल्लू दोन्ही जातात.

सरळ बाळंतपणात आधी पुढचे पाय आणि नाक दिसतं. मादी उभीच असते, पिल्लाचं डोकं आणि मान बाहेर लोंबत राहतात, तोंडातून पाणी गळतं. पाहणाऱ्याला वाटतं ओढायला हवं. ओढू नये, प्रसूती पुढे सरकत असेल तर त्या लोंबण्यानेच नाकातला द्रव निथळतो. मात्र अर्ध्या तासात काहीच पुढे सरकलं नाही तर मदत हवी. जन्मलेल्या पिल्लाच्या अंगाला कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ आवरण चिकटलेलं असतं. लामाची आई पिल्लाला चाटत नाही. जीभ तेवढी बाहेर येतच नाही तिची. ती हुंगते, हलक्या आवाजात गुणगुणते, आणि ते आवरण उन्हावाऱ्याने वाळून गळून पडतं. गाय वासराला चाटते तशी ही चाटत नाही म्हणून आईने पिल्लू टाकलं असं समजायचं कारण नाही.

पुढचे चोवीस तास पिल्लाच्या आयुष्यातले सर्वात मोलाचे. लामाच्या वारेतून आईची प्रतिपिंडं गर्भापर्यंत पोचत नाहीत. पिल्लू जन्मतं तेव्हा रोगांपुढे ते अगदी उघडं असतं, आणि सगळं संरक्षण चिकातून यायचं असतं. आतडं चिकातली प्रतिपिंडं जशीच्या तशी शोषून घेतं, पण पहिल्या बारा तासांनंतर ही क्षमता झपाट्याने उतरते आणि दिवसभरात संपते. म्हणून दोन तासांत पिल्लू उभं राहिलं का, चार तासांत सडाला लागलं का, सहा तासांत वार पडली का, हे पाहावं. सडांच्या टोकाशी मेणासारखा बूच असतो, तो आधी बोटांनी काढून द्यावा. आईला चीक नसेल तर शेळीचा चालतो. नऊ ते चौदा किलोंच्या या पिल्लाचं वजन रोज त्याच वेळी करावं; दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाव किलोच्या आसपास वाढ दिसली पाहिजे. चीक पुरेसा गेला की नाही हे रक्ततपासणीत कळतं, आणि गेला नसेल तर निरोगी मोठ्या जनावराचा प्लाझ्मा देऊन पिल्लू वाचवता येतं. पेरूतल्या कळपांत क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू पिल्लांचा मोठा काळ आहे. ओल्या, चिखललेल्या वाड्यात तो पसरतो आणि सकाळी दूध पिणारं पिल्लू संध्याकाळपर्यंत मरतं. वाडा कोरडा ठेवणं आणि दर काही दिवसांनी जागा बदलणं यासारखा उपाय नाही.

आई मेली तर बाटलीने दूध पाजावं लागतं, आणि तिथे माया आवरती घ्यावी लागते. माणसांत वाढलेला नर मोठा झाल्यावर माणसाला आपल्यातलाच दुसरा नर समजतो आणि छातीने धडक देतो, चावतो. दीडशे किलोंच्या जनावराची ही खोड सुटत नाही, आणि अशा नराला शेवटी मारावं लागतं. पिल्लाला दूध द्यावं, पण राहू द्यावं कळपातच.

रोगांमध्ये सर्वात जुना वैरी म्हणजे खरूज. अँडीजमध्ये तिला काराचा म्हणतात. कातडीत बिळं करणाऱ्या माइटांमुळे पोट, मांड्या, पाय इथली लोकर झडते, कातडी जाड होऊन फुटते, आणि खाजेने हैराण झालेलं जनावर चरायचंच विसरतं. इंकांच्या राज्यात खरूज झालेलं जनावर लगेच पुरून टाकत, म्हणजे ती इतरांना लागू नये, अशी नोंद पोलो दे ओंदेगार्दो या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने करून ठेवली आहे. रोग संसर्गाने पसरतो हे त्या पशुपालकांना पक्कं कळलेलं होतं. पुढे राज्य कोसळलं, कळपांची ही शिस्त मोडली, आणि बखरकार इंका गार्सिलासो दे ला व्हेगा लिहितो त्याप्रमाणे 1544-45 मध्ये खरजेच्या साथीत दोन तृतीयांश जनावरं मेली. तेव्हा कोमट चरबी चोळणं हाच काय तो इलाज होता. आज आयव्हरमेक्टिनची इंजेक्शनं आहेत. मात्र जाड खपल्यांच्या आत औषध नीट पोचत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा द्यावी लागतात, आणि एकाच वेळी सगळ्या कळपाला द्यावी लागतात.

पोटातल्या परजीवींपैकी एकाचं नाव पेरूतल्या माकुसानी या गावावरून पडलं आहे: आयमेरिया माकुसानिएन्सिस. तो आतड्याच्या भिंतीत वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेत दिसायला महिन्याहून जास्त काळ लागतो. तोवर जनावर खंगून मेलेलंही असू शकतं. शिवाय ती अंडी जड असल्याने नेहमीच्या मिठाच्या पाण्यात वर तरंगत नाहीत, साखरेचा दाट पाक वापरावा लागतो. तपासणीत काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. हाताखाली पाठ खोलगट लागत असेल तर हाताचं ऐकावं.

दुसरा एक परजीवी थेट पशुपालकाच्या उत्पन्नावर घाला घालतो. सार्कोसिस्टिस लामाच्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी करतो. लामाला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण असं मांस विकत कोणी घेत नाही. या परजीवीचं चक्र कुत्र्यातून पूर्ण होतं. कत्तलीनंतर कच्चं मांस कुत्र्यांना टाकायचं नाही, एवढं संपूर्ण गावाने मिळून पाळलं तर हा प्रश्न सुटू शकतो.

लामा अँडीजबाहेर गेला तेव्हा त्याला ओळखीचे नसलेले रोग भेटले. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात पांढऱ्या शेपटीच्या हरणांत एक जंत असतो. हरणाला तो काही करत नाही. गोगलगायीतून तो गवतावर येतो, लामाच्या पोटात जातो आणि तिथून वाट चुकून कण्यातल्या मज्जारज्जूत शिरतो; मागचे पाय लटपटू लागतात. तिथले पाळणारे म्हणून वर्षभर जंतनाशकं देत राहतात, आणि त्या सततच्या माऱ्याने पोटातले रक्तपिपासू जंत औषधांना दाद देईनासे झाले आहेत. दमट उकाडाही तसाच घातक. लोकर वेळेत कातरावी, आणि उन्हाने धापा टाकणाऱ्या लामाच्या पोटावर व पायांवर पाणी मारावं. पाठीवर मारलं तर भिजलेली लोकर उष्णता आतच कोंडते. उलट उत्तरेकडच्या देशांत ऊन कमी पडतं. पुनाच्या प्रखर सूर्याखाली घडलेलं हे शरीर तिथल्या हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाला मुकतं, आणि थंडीत जन्मलेल्या पिल्लांचे पाय मुडदुशीने वाकतात. बागेतली कण्हेरसुद्धा लामाला मारते, थोडी पानं पुरतात. लाळ्या-खुरकुताच्या भीतीने अमेरिकेने विसाव्या शतकात बराच काळ आयात बंद ठेवली, त्यामुळे तिथला कळप मोजक्या पूर्वजांपासून वाढला. नाकाची मागची वाट जन्मतःच बंद असणं हा दोष तिथल्या पिल्लांत नोंदला गेला. लामा नाकानेच श्वास घेतो. असं पिल्लू दूध पिताना गुदमरतं. ज्या जोडीला ते झालं, ती जोडी पुन्हा लावू नये.

लामावरचं पशुवैद्यक आजच्या रूपात उभं राहिलं ते गेल्या पन्नास-साठ वर्षांत. पेरूतल्या सान मार्कोस विद्यापीठाच्या मारांगानी इथल्या केंद्रात प्रजनन आणि पिल्लांच्या रोगांवर पायाचं काम झालं. कॅलिफोर्नियातले मरे फाउलर यांनी 1989 साली दक्षिण अमेरिकी उष्ट्रवर्गीयांच्या वैद्यकावर ग्रंथ लिहिला, आणि जगभरच्या पशुवैद्यांच्या हाती पहिल्यांदा एक भरवशाचं पुस्तक आलं. या ज्ञानाचा धागा आपल्यापर्यंतही येतो. उंटाच्या मादीतही बीज मीलनानेच सुटतं, तिच्याही पिल्लावर तेच पातळ आवरण असतं, तिच्याही पिल्लाला चिकाशिवाय संरक्षण नाही. भारतातल्या उंटांची संख्या 2012 ते 2019 या काळात चार लाखांवरून अडीच लाखांवर आली, आणि बिकानेरच्या राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्रासमोर जे प्रश्न आहेत त्यातले पुष्कळ अँडीजमध्येही अभ्यासले जात आहेत.

माणसाच्या वैद्यकालाही या घराण्याने मोठी देणगी दिली आहे. उंट आणि लामाच्या रक्तात नेहमीच्या प्रतिपिंडांबरोबर आकाराने लहान, साधी प्रतिपिंडंही असतात, हे ब्रसेल्समधल्या रेमंड हामर्स यांच्या गटाने 1993 साली जाहीर केलं. त्यांच्या टोकाच्या तुकड्यावरून घडवलेलं कॅप्लासिझुमॅब हे औषध रक्ताच्या एका दुर्मीळ, जीवघेण्या आजारावर युरोपात 2018 मध्ये मंजूर झालं.

देणगी एवढी मोठी, तरी खुद्द लामासाठी म्हणून तपासलेली औषधं अनेक देशांत नावालाच आहेत. पशुवैद्य मेंढीची, गायीची, घोड्याची औषधं मात्रा बदलून वापरतात आणि परिणाम पाहत राहतात. श्रीमंत देशातल्या हौशी पाळणाऱ्याला हे परवडतं. त्याच्या दारात पशुवैद्य आहे, सोनोग्राफी आहे, प्लाझ्मा आहे. जगातले सर्वाधिक लामा मात्र बोलिव्हियात आहेत आणि त्याखालोखाल पेरूत, चार हजार मीटरवर, जिथून पशुवैद्य दिवसभराच्या वाटेवर असतो आणि एका कडाक्याच्या थंडीत घराचं वर्षाचं उत्पन्न बुडतं. तिथल्या कुटुंबांना लामा मांस देतो, दोर आणि पोती विणायला लोकर देतो, झाडं नसलेल्या माळावर चुलीसाठी शेणी देतो. लामावरच्या संशोधनाचा पैसा आणि औषधांच्या चाचण्या आधी त्या कळपांपर्यंत पोचायला हव्यात.